मधल्या दाराचा फोटो

मोहाडीच्या भय्याजी फोटोवाल्यांनी आयुष्यात कुणाला नाही म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. लग्नात मुलीकडचे म्हणत, आमच्या बाजूने काढा, मुलाकडचे म्हणत, आमच्या. भय्याजी दोघांनाही "बरं" म्हणत. निवडणुकीत गावातल्या दोन्ही पार्ट्यांच्या सभांचे फोटो तेच काढत आणि दोन्ही पार्ट्यांना ते आपलेच वाटत. घरी शकुंतलाबाईंनी विचारलं, "भात टाकू का पोळ्या?" तरी ते म्हणत, "तू म्हणशील तसं." शकुंतलाबाई संसाराच्या सुरुवातीला यावर खूश होत्या, पुढे नव्हत्या.

अशा माणसाने फोटोग्राफीत पडायला नको होतं. कारण कॅमेऱ्याला एका बाजूचं व्हावंच लागतं. घरात बसलेल्या आजोबांचा चेहरा दिसावा म्हणून उजेड वाढवला, की दाराबाहेरचं अंगण दुधासारखं पांढरंफेक होतं. अंगण धरावं तर आजोबा कोळसा. भय्याजींच्या जुन्या फोटोंत म्हणूनच निम्मे लोक ओळखू येत नाहीत. ज्यांचे चेहरे काळे आले, त्यांनी भय्याजींवर मनात राग धरला, आणि भय्याजींनी ते निमूट सोसलं.

साठी उलटल्यावर त्यांना मोबाईलवरच्या एका चित्रफितीत एक युक्ती दिसली. कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवायचा आणि एकाच जागेचे तीन फोटो काढायचे. एक उन्हापुरता, एक मधला, एक अंधारापुरता. मग कॉम्प्युटरवर तिन्ही एकमेकांत मिसळायचे. उन्हातलं उन्हाच्या फोटोतून येतं, अंधारातलं अंधाराच्या. कुणीच काळं पडत नाही, कुणीच पांढरं होत नाही. अट एकच, तिन्ही फोटो होईपर्यंत कुणी हलायचं नाही.

भय्याजींनी ती चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहिली. दोन्ही बाजू ठेवून घेणारी कला जगात आहे, आणि आपल्याला ती इतक्या उशिरा कळावी, याचं त्यांना वाईट वाटलं.

आंधळगावहून सत्यभामाबाईंचा निरोप आला तो याच सुमारास.

सत्यभामाबाईंचं घर विणकरांचं. आतल्या खोलीत थोरल्या बाबूलालचा हातमाग. तो कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणतो. पुढच्या सपरीत, म्हणजे रस्त्याकडच्या ओसरीत, धाकट्या भूषणचं साडीचं दुकान. तो मिलच्या साड्या विकतो. एकदा कोशाचं लुगडं मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला भूषणने "आत महाग आहे, हे घ्या, दिसते कोशासारखंच" म्हणून मिलची साडी दिली. मधलं दार उघडं होतं. बाबूलालने मागावरून ते ऐकलं. त्या दिवसापासून भाऊ भावाशी बोलला नाही.

मात्र घर एक असलं की बोलायचं काम पडतंच. म्हणून बोलणं आईमार्फत होई. बाबूलाल आतून म्हणे, "माय, त्याले सांग, लाइटचं बिल आलं." भूषणला ते शब्दन् शब्द ऐकू येई. तरी तो आई दारातून येऊन सांगेपर्यंत वाट पाही, आणि मग म्हणे, "त्याले म्हना, भरलं." सत्यभामाबाई परत आत.

आता वाटणी ठरली होती. मधलं दार विटांनी बुजवायचं, मिस्त्रीही ठरला होता. फक्त आई भिंतीच्या कोणत्या बाजूला राहणार, हे ठरायचं होतं. दोघांनाही ती आपल्याकडे हवी होती. सत्यभामाबाई म्हणाल्या, "दार आहे तोवर एक फोटो काढा. दोघंही आपापल्या जागी, अन् मधात मी. फोटो हातात आला का सांगतो कोनाकडे ते."

भय्याजींनी स्टँड आतल्या भिंतीशी लावला. कॅमेऱ्यातून डावीकडे अंधारात माग आणि बाबूलाल, मधे दार, दारात सत्यभामाबाई आणि पलीकडे सकाळच्या उन्हात साड्यांच्या थप्प्यांमागे भूषण. नव्या युक्तीसाठीच बांधल्यासारखं घर होतं. तिन्ही फोटो आपोआप निघायची सोय कॅमेऱ्यात होती, पण भय्याजींचा तिच्यावर भरवसा नव्हता. ते दर वेळी चष्मा कपाळावर चढवून, वाकून, हाताने उजेड बदलत.

"कोनी हालू नोका जी," ते म्हणाले, आणि मधला फोटो काढला. मग बटणात डोकं घातलं.

बाबूलाल ओठ न हलवता पुटपुटला, "माय, त्याले सांग, हालू नोको म्हना."

सत्यभामाबाई बाहेर गेल्या आणि भूषणच्या कानाशी वाकल्या. उन्हापुरता फोटो निघाला.

"त्याले म्हना, मी नाई हालून राहिलो," भूषण म्हणाला. "त्याचाच पाय हालून राहिला."

सत्यभामाबाई आत आल्या आणि बाबूलालच्या कानाशी वाकल्या. अंधारापुरता फोटो निघाला.

भय्याजींनी हे सगळं ऐकलं, पण त्या घरात कोणत्याही वेळी हेच ऐकू येत असल्यामुळे त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

मोहाडीला आल्यावर त्यांनी तिन्ही फोटो मिसळले. दोन्ही भाऊ दगडासारखे स्थिर बसलेले. बाबूलालच्या मागाचा दोरा न् दोरा दिसत होता, भूषणच्या साड्यांचे काठही. सत्यभामाबाई मात्र तीन होत्या. एक मागाशी, एक दुकानात आणि एक दारात, आणि तिघींच्या आरपार मागचं थोडंथोडं दिसत होतं.

कॉम्प्युटरमध्ये यावरही इलाज होता. हललेल्या माणसासाठी तिन्हींपैकी कोणता फोटो खरा धरू, असं तो विचारत होता. बाकीच्या दोन बाया तो पुसून टाकणार होता.

भय्याजी खुर्चीत मागे सरकले. इतकी वर्षं जे टाळलं, ते यंत्राने समोर आणून ठेवलं होतं.

तेवढ्यात बाबूलालचा फोन आला. "भय्याजी, माय माह्या बाजूने दिसली पाहिजे बरं का. पाव्हने पाहतीन."

"बरं," भय्याजी म्हणाले.

थोड्या वेळाने भूषणचा आला. "भय्याजी, माय माह्याजवळ दिसते ना फोटोत?"

"बरं," भय्याजी म्हणाले. ते त्या प्रश्नाचं उत्तरही नव्हतं.

शकुंतलाबाई दारात उभं राहून ऐकत होत्या. "दोघायलेही बरं म्हनलं?"

"हो."

"मंग आता दोन माया आना कुठून तरी."

"आहेत," भय्याजी म्हणाले.

त्यांनी दोन फोटो बनवले. एकात सत्यभामाबाई बाबूलालपाशी, दुसऱ्यात भूषणपाशी. ज्याचा त्याला दिला की काम संपलं. न सुधारलेला, तीन बायांचाही एक छापला. तो का छापला, हे त्यांना सांगता आलं नसतं.

आंधळगावच्या बसमध्ये त्यांनी ते दोन्ही मांडीवर ठेवून पाहिले. दोन्ही स्वच्छ होते. पण दोन्हींत दार रिकामं होतं, आणि आई ज्याच्याजवळ नव्हती, तो भाऊ दुसऱ्याच्या घरी बसल्यासारखा दिसत होता.

घरात दोघं भाऊ आपापल्या जागी होते. दाराशी विटांचा ढीग येऊन पडला होता. सत्यभामाबाईंनी पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "आना."

दोघांनीही भय्याजींकडे पाहिलं. दोघांच्या नजरेत "बरं" म्हटल्याची आठवण होती. भय्याजींनी पिशवीत हात घातला. स्वच्छ फोटो वरच होते. त्यांनी ते बाजूला सारले आणि खालचा काढून दिला.

"बिघडला जी," ते म्हणाले. "तुमी हालल्या. मले दुरुस्त करता येत होता. केला नाई."

सत्यभामाबाईंनी फोटो डोळ्यांपासून लांब धरला. "हे मीच का?"

"हाव."

"तिन्ही?"

"तिन्ही."

"बाप्पा!" त्या म्हणाल्या. "म्हनून पाय दुखतात वाटते." आणि त्या फोटो घेऊन मधल्या दाराच्या उंबरठ्यावर बसल्या.

बाबूलाल भय्याजींवरची रागाची नजर भूषणकडे वळवत म्हणाला, "माय, त्याले विचार—"

"तूच विचार. तो आयकून राहिला. कधीचा आयकून राहिला."

माग थांबला. भूषणच्या हातातली साडी अर्धी घडी होऊन राहिली.

"उत्तर पाहिजे ना तुमाले?" सत्यभामाबाई म्हणाल्या. "पाहा यात, माही जागा कोनती ते. दार बुजवा तुमी, घर तुमचं आहे. पन मंग मी कोनाकडेच नाई. सिहोऱ्याले बहिनीकडे जातो. तिच्या घरी निरोप नाई पोचवा लागत."

मागाशी उभ्या भय्याजींना निघून जावंसं वाटत होतं, पण दारात सत्यभामाबाई बसल्या होत्या.

शेवटी बाबूलालने घसा साफ केला. "भूषण."

भूषण दचकला. "काय?"

"मिस्त्रीले फोन लाव. माह्याजवळ नंबर नाई."

"काय सांगू?"

बाबूलालने दाराकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "भिंत नाई म्हना. इटा आल्याच आहेत त मोरी बांधून दे म्हना."

"मोरी कायले? सपरीचा ओटा खचला, तो बांधू."

"ओटा तुह्या गिऱ्हाइकायच्या पायानं खचला!"

"अन् मोरी कोनाच्या रंगाच्या पान्यानं तुंबते?"

आवाज चढत गेले. शेजारचे लोक रस्त्यावर येऊन उभे राहिले. विटांवरून निघालेला विषय बिलावर गेला, बिलावरून त्या गिऱ्हाइकावर, आणि तिथे बराच वेळ राहिला. एकाचं बोलणं संपायच्या आत दुसऱ्याचं उत्तर दारातून पलीकडे जात होतं, आईच्या डोक्यावरून.

भय्याजींनी पिशवीचा बंद ओढून घेतला. सत्यभामाबाई उंबरठ्यावर पाय लांब करून फोटो पाहत बसल्या होत्या. त्या काही उठल्या नाहीत.