मामांचा उन्हातला फुगा

हवेची एवढी काळजी करणारा माणूस साऱ्या जगात दुसरा नसेल. आपण हवा घेतो, सोडतो, विसरतो. माझ्या बायकोच्या मामांना मात्र ती कुठे कोंडली आहे, तिला किती उकडतंय, तिच्यावर कुणाचा भार पडलाय, याचा सतत घोर. भिलाईच्या कारखान्यात त्यांचा जन्म भट्टीजवळ गेला, त्यामुळेही असेल. एका मे महिन्यात त्यांनी क्वार्टरांसमोरच्या झाडून साऱ्या स्कूटरच्या चाकांतली थोडी थोडी हवा कुणाला न विचारता सोडून दिली. शेजारी भांडायला आले तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "दुपारी फुगंन न ते! तिले जागा नाही पायजे का?" त्या रांगेत माझीही स्कूटर होती. ती पंपापर्यंत ढकलत नेताना मी मामांना मनात काय काय बोललो, त्याचं अजून वाईट वाटतं. तसं मला बऱ्याच गोष्टींचं वाईट वाटतं.

माझ्या मुलीचा वाढदिवसही मेमध्येच. गच्चीवर मांडव घातला आणि मामांनी फुगे फुगवले, ते निम्मेच. काळा आणि गडद निळा तर त्यांनी हातातच घेतला नाही. म्हणे ते ऊन फार पितात. मेहुणी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मामा, हे फुगे होत का सुकलेले वांगे?" आणि तिने आपले टंच फुगे शेजारी बांधले. मामा म्हणाले, "थांब बाई, बाकीचं ऊन भरते." दुपारी तिचे फुगे एकामागून एक फुटू लागले आणि मामांच्या वांग्यांच्या सुरकुत्या हळूहळू गेल्या. दुसरा कुणी असता तर मिशीला पीळ दिला असता. मामा मात्र दर फटाक्याला "अरे अरे!" करत, जणू घरातलंच कुणी धडपडलं.

उन्हानंतर पाण्याची पाळी आली. अहिवाऱ्याकडे चुनखडीची एक सोडून दिलेली खाण आहे, निवळ पाण्याने भरलेली. तिथे मामांनी मला स्कूटरवर बसवून नेलं. जाळीच्या पिशवीत फुगा, पिशवीला चांगला जड दगड, वर लांब नायलॉनची दोरी. फुगा खाली जाता जाता लहान होत गेला. टरबुजाचा पार खरबुजाएवढा. वर ओढला तर पुन्हा टरबूज. मामांनी तो स्वतःच्या दुपट्ट्याने पुसला. "पाह्यलं न जावईबापू? हवा गेली नाही कुठी. दबून बसली होती."

या वर्षी थंडी सरता सरता मामींना न्यूमोनिया झाला. घरी आणलं ते ऑक्सिजनच्या यंत्रासकट. डॉक्टरांनी बजावलं की रोज फुगा फुगवा, नाहीतर फुप्फुसं उघडणार नाहीत आणि हे यंत्र सुटणार नाही. मामींनी फुंकलं, फुगा लिंबाएवढा झाला. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "होत नाही माह्याच्यानं. ठेवा तो तिकडं."

"हवा आहे तुह्यात," मामा म्हणाले. "दबून बसली आहे."

मी कोहक्यात राहतो, हाकेच्या अंतरावर. तरी भेटायला गेलो तो थेट उन्हाळ्यात. मामा घरात नव्हते. गच्चीवर गेलो तर रणरणत्या उन्हात छत्री धरून बसलेले, आणि छत्रीबाहेर, तापलेल्या स्लॅबवर, मामींनी सकाळी कूलरच्या गारव्यात फुगवलेला फुगा. मामा त्याला मधून मधून बोट लावून पाहत होते. मग सुतळीने माप घेतलं. सकाळपेक्षा नखभर जास्त. "हेच दाखवतो तिले. म्हणतो, हे पाय, किती फुगवला तू! जावईबापू, खाली बोलू नका."

खाली आलो तर मामींनी विचारलं, "छत्री नेली का त्यायनं?"

मी चाचरलो. त्या हसल्या, खोकल्या. "मले का समजत नाही? सारा संसार फुग्यांत गेला माह्या."

"मग सांगत कावून नाही त्यांना?"

"सांगतलं तर जिना कावून चढतीन ते? अन् ते चढून राहिले, तवर मले फुंकाच लागते. तुमी वर बोलू नका."

यंत्र आता परत गेलं आहे. मामी सकाळीच फुगा इतका भरतात की उन्हात ठेवला तर फुटेल. तरीही मामा तो घेऊन वर जातात आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत मांडीवर धरून बसतात. मी म्हटलं, "आता काहाले जाता?"

"ती वाट पाहते न."

आणि ती पाहतेच. जिन्यावर चपला वाजल्या की मामी चेहऱ्यावर आश्चर्य आणून तयार होतात. दोघांना दिलेले दोन शब्द मी सांभाळून आहे, आणि मनात दडवलेली ही एकच गोष्ट मला टोचत नाही. हल्ली मात्र त्या चपला जिन्याच्या मध्यावर जराशा थांबतात. त्या पुन्हा वाजेपर्यंत मामी श्वास रोखून धरतात. आता त्यांना तेवढा रोखता येतो.