सात फुटांचा वोलेरो

वोलेरो आमच्या आळीतला बुरूड. उंची जेमतेम पाच फूट, पाय फेंगडे, आणि बडबड अखंड. रोमसाठी प्राण देणारे वीर कसे उंच, भरदार छातीचे असतात, निदान आपण पोरांना तसंच सांगतो. हा त्यांच्या पंगतीत कसा जाऊन बसला ते मलाच सांगायला हवं, कारण त्या प्रकरणात माती माझी होती.

वोल्स्कींशी लढाई जुंपली आणि आमची डावी फळी मागे रेटली गेली. अशा वेळी सेनापतीने स्वतःला पाताळातल्या देवांना वाहायचं आणि शत्रूत घुसून मरायचं, म्हणजे शत्रूलाही पाताळ दिसतं, असा बापजाद्यांचा रिवाज. पण रिवाजात एक सोय आहे. सेनापतीला हवं तर आपल्याऐवजी फौजेतला कुणीही वाहता येतो. आमच्या सेनापतींना ती सोय नेमकी त्याच वेळी आठवली. त्यांनी मागे वळून पाहिलं, तर समोर वोलेरो. बाकीच्यांनी, आणि खोटं कशाला बोलू, मीही, ढालीमागे डोकी घातली होती.

त्याला काठाचं वस्त्र गुंडाळलं, तेच डोक्यावरून ओढलं, पायाखाली भाला ठेवला आणि हनुवटीला हात लावायला सांगितलं. पुरोहित मंत्र सांगत होता, हा मागून म्हणत होता. दोनदा चुकला. दोन्ही वेळा पुरोहिताने पहिल्यापासून म्हणायला लावलं, आणि तेवढ्यात आमची फळी आणखी पन्नास पावलं मागे आली.

मग वोलेरो धावला. वोल्स्की म्हणजे आमचेच शेजारी, रिवाज त्यांनाही ठाऊक. वाहिलेल्या माणसाला शिवेल त्याचा नाश. हा एकाच्या अंगावर जाई, तो बाजूला होई. दुसऱ्याच्या अंगावर जाई, तो ढाल टाकून पळे. बघता बघता सगळी फौज उधळली आणि वोलेरो आरपार निघून थेट त्यांच्या छावणीत पोचला. आम्ही जयघोष करत तिथे गेलो, तर स्वारी त्यांच्या चुलीपाशी बसून गव्हाची लापशी ओरपत होती.

"कुणी मारेचना रे," तो मला म्हणाला. "हातापाया पडलो."

मोठीच पंचाईत झाली. लढाई जिंकली होती, म्हणजे देवांना नैवेद्य पावला होता. आणि नैवेद्य तर लापशी खात होता. तोड पुरोहिताने रिवाजातूनच काढली. वाहिलेला माणूस मेला नाही, तर त्याची सात फुटांची मूर्ती जमिनीत पुरायची. ती जिथे पुरली तिथे सरकारी अधिकाऱ्याने पाऊल टाकायचं नाही.

आळीतला कुंभार मी, म्हणून मूर्तीचं काम माझ्याकडे आलं. ती भट्टीत मावेना, म्हणून तीन तुकड्यांत भाजली. वोलेरो रोज येऊन आपलं नाक बघून जाई. त्याची बायको व्हेतिया एकदाच आली. तिने मूर्ती वरपासून खालपर्यंत न्याहाळली आणि म्हणाली, "लग्नात हा उभा राहिला असता तर बरं झालं असतं."

पुरायची कुठे, हे वोलेरोलाच विचारलं. तो म्हणाला, आमच्या आळीच्या तोंडाशी, आळीच्या लांबीत निजवून. म्हणजे जाता-येता दर्शन होईल. त्याची भक्ती बघून पुरोहिताचे डोळे भरून आले. आमची आळी दोन माणसं शेजारून जातील एवढी अरुंद, आणि तिच्या मागे टेकडीचा कडा. हे पुरोहिताच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही, देवाशपथ.

पुढल्या वसंतात भरती निघाली. वोलेरोचे दोन मुलगे आधीच्या लढायांत गेले होते. उरला होता धाकटा नुमेरियस, नुकताच सतरा पुरा झालेला. नाव पुकारलं तेव्हा बापाने त्याला कोठीत कोंडून ठेवलं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी अधिकारी दंडधाऱ्यांसह स्वतः आला. दंडधारी तरातरा आत शिरले. अधिकारी आळीच्या तोंडाशी थबकला. त्याने सात फुटांचा अंदाज घेतला, वस्त्र गुडघ्यापर्यंत उचललं आणि पुन्हा खाली सोडलं. तो सोबत नसेल तर दंडधाऱ्यांना कुणाला हात लावता येत नाही, त्यामुळे तेही ओशाळून परत आले.

"वोलेरो," तो तिथूनच ओरडला, "पोराला बाहेर काढ. रोमसाठी जीव देणारा तू, तुला लाज कशी वाटत नाही?"

वोलेरो हातातली अर्धी टोपली घेऊन पुढे आला. मला वाटलं, आता काहीतरी चावट बोलणार.

"सरकार, ह्या घरातून तिघे दिले," तो म्हणाला. "थोरला नदीत गेला. मधला कुठे पडला ते कुणी सांगितलंसुद्धा नाही. पुरायला मिळालं ते एवढंच, आणि तेही माझंच. आता चौथा मागू नका."

अधिकाऱ्याने त्या सात फुटांकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग तो दंडधाऱ्यांना घेऊन परत गेला. आम्ही आळीभर दारू वाटली, कारण त्या वर्षी आमच्यातलं कुणीच गेलं नाही. माझा मुलगाही नाही.

संख्या मात्र भरायचीच होती. पलीकडच्या आळीतले दोघे जास्तीचे नेले, आणि त्यातला एक परत आला नाही. वोलेरो त्याच्या आईकडे अंजिरांची टोपली घेऊन गेला, मीही सोबत होतो. तिने टोपली घेतली, आम्हाला बसायला सांगितलं.

"वोलेरोदादा," ती म्हणाली, "तुमच्या आळीत आणखी एकाला लपायला जागा नव्हती का?"