किल्लीच्या गाण्यातले दुसरे वाक्य

तारखा प्रथम नोंदवतो. माझ्या प्रत्येक पत्राची सुरुवात तशीच होते. ज्या मार्गशीर्षातल्या गुरुवारी ते गाणे मी प्रथम ऐकले, तो दिवस. त्याच आठवड्यात पाठवलेली नोटीस. आणि गेल्या श्रावणातली सुनावणी. जबाबदार व्यक्ती: गीतकार बसवराज, चित्रपटाचा निर्माता, संगीतकार. चौथे नाव मी कधीच लिहिले नाही. ते माझे आहे. हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही — माझ्या पत्नीला, सुमतीलाही नाही. तिला सांगण्याची गरजच नव्हती, हे त्याहून वाईट.

बेंगळुरूत राहत असाल तर ते कन्नड गाणे तुम्ही ऐकलेच असेल. रिक्षात, लग्नात, कुठेही. ती विचारते, ‘किल्ली घेतलीत का?’ तो म्हणतो, ‘किल्ली कशाला गं, दार उघडायला तू आहेस ना?’ बस्स, एवढेच. त्यावर सारे शहर डोलते.

बनशंकरीच्या आमच्या घरी वरच्या खोलीत बसवराज भाड्याने राहत असे. मूळचा हुबळीचा, त्यामुळे त्याला मराठी कळे. सुमतीला तो अक्का म्हणे आणि तिच्या हातचे थालीपीठ हक्काने मागून खाई. मी रोज सकाळी फिरायला निघालो की सुमती जिन्यापाशी येऊन विचारायची, ‘किल्ली घेतलीत का?’ लग्नापासून विचारत आली होती. ते त्याने ऐकले, आणि त्याचे गाणे केले.

मी संतापलो. का? आमच्या घरातले बोलणे बाजारात गेले म्हणून — असे मी पत्रात लिहिले. खरे सांगू? त्या गुरुवारी उपाहारगृहात कॉफी देणारा पोरगा ते गुणगुणत होता. मला भीती वाटली. उद्या कुणी विचारले, की तुम्ही खरोखर काय उत्तर देत होता, तर?

निर्मात्याच्या वकिलाचे उत्तर आले: किल्लीचा प्रश्न घरोघरी विचारला जातो, गीताचा प्राण दुसऱ्या वाक्यात आहे. मी एका कारखान्याच्या विधी विभागात आयुष्य काढले आहे. मुद्दा मला तात्काळ समजला. पहिल्या वाक्यावर दावा टिकत नव्हता. म्हणून मी दुसऱ्यावर केला. ‘सदर उत्तर मी माझ्या पत्नीस गेली अनेक वर्षे देत आलो आहे’ — हे वाक्य मी शांतपणे, स्वच्छ अक्षरात लिहिले. एकदा नव्हे, प्रत्येक स्मरणपत्रात.

गीतकारांच्या संघटनेने सुनावणी ठेवली. साक्षीला मी सुमतीला घेऊन गेलो आणि ते उत्तर तिथेही म्हणून दाखवले. बसवराज उभा राहिला. ‘सर, ते उत्तर मी लिहिलंय. जिन्यात तुम्ही काय म्हणायचात, ते मला वर रोज ऐकू यायचं.’ एवढ्यात त्याची नजर सुमतीकडे गेली. तो थांबला. ‘एवढंच,’ म्हणाला, आणि खाली बसला.

मग अध्यक्षांनी सुमतीला विचारले, ‘अम्मा, हे खरंच असं म्हणतात?’

तिने माझ्याकडे पाहिले नाही. ‘होय,’ म्हणाली. ‘असंच म्हणतात.’

गाण्याच्या श्रेयात माझे नाव आले. निर्मात्याने पुढचा चित्रपट बसवराजकडून काढून घेतला. त्याने खोली सोडली. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात पाळीवर जातो असे ऐकले. आमच्या मराठी मंडळात मात्र मला किल्लीवाले आजोबा म्हणू लागले. येत्या रविवारी मंडळाच्या कार्यक्रमात आम्ही दोघांनी रंगमंचावर तो संवाद म्हणायचा आहे. ‘अक्का, स्वल्प लाजून म्हणा हं!’ अशी कार्यकर्त्या मुलींनी तिची थट्टाही केली. ‘सरी, बरं, म्हणेन,’ म्हणाली ती. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. ती प्रश्न विचारील. आणि शेकडो माणसांपुढे मी पुन्हा ते दुसरे वाक्य — कसे म्हणू?

कारण मी जे म्हणत असे ते हे होते: ‘रोज तेच! दुसरं काही सुचत नाही का तुला?’ जिना उतरता उतरता, मागे न पाहता. रोज. बसवराजने हेच ऐकले होते, आणि भर सभेत तिच्यासाठी गिळून टाकले.

सुनावणीहून परतताना रिक्षात सुमती एवढेच बोलली, ‘तिथं जे म्हणालात, ते एकदा मला म्हणा ना. कुणी नसताना.’ मी काय केले? पुढे वाकून रिक्षावाल्याला डावीकडे वळायला सांगितले. वळण अजून बरेच लांब होते. तिने पुन्हा विचारले नाही. आता सकाळी ती जिन्यापाशीही येत नाही.

संघटनेस हे पत्र आजच पाठवत आहे, आणि मंडळाच्या सूचनाफलकावरही लावत आहे. क्षमेची विनंती त्यात नाही. मागणी एक आहे, तिचे उत्तर संघटनेने जाहीरपणे, रविवारच्या आत द्यावे: त्या गाण्यातला प्रश्न सुमतीचा, उत्तर बसवराजचे, आणि त्या संवादात मी कधीच नव्हतो, हे मान्य आहे की नाही?