सुवाच्य प्रत

पंजाबातल्या दहशतीच्या त्या वाईट वर्षांत चंदीगढला आम्ही मराठी माणसं गप्पच असायचो, आणि आमच्या सगळ्यांच्या वाट्याचं रागावणं वहिनी एकट्या उरकून टाकायच्या. एका मेजरसाहेबांची ही बायको, माहेर साताऱ्याकडचं. वय काहीही असो, जो तो त्यांना वहिनीच म्हणायचा. बाजाराच्या नाक्यावर एकदा जवानाने त्यांची पिशवी वरवर पाहून "जाइए माताजी" म्हटलं, तर त्या उलट फिरल्या. "जाइए क्या? मेथी के नीचे बम होता तो?" त्या पोराकडून त्यांनी जुडीन् जुडी बाहेर काढवून घेतली, आणि एवढ्या थंडीत स्वेटर का घातला नाहीस म्हणून त्याला वर आणखी झापलं. त्यांची मुलं बाहेरून आली की "मम्मी, भूख लगी है" म्हणायची. "मराठीत लागली की या," असं म्हणून वहिनी पोळ्यांचा डबा झाकायच्या.

आम्ही पाच-सहा लिहिणारे रविवारी दुपारी त्यांच्या क्वार्टरमध्ये जमत असू. दुपारी, कारण अंधारायच्या आत घर गाठायचं असे. कुणी वाचायला लागला की वहिनी विणकाम घेऊन बसत. वाक्य खोटं वाटलं की सुया थांबत. फारच खोटं असलं तर त्या विणलेलं उसवायला लागत. आमच्या साहित्यापायी मेजरसाहेबांचा एक स्वेटर कित्येक हिवाळे बिनबाह्यांचाच राहिला.

मी तालुक्याच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. प्रयोगशाळेतली सरकारी नोकरी, सेक्टर बावीसमध्ये भाड्याची खोली. कुणी पाणी दिलं तरी मी दोनदा आभार मानायचो. पुण्याच्या एका प्रकाशकाने माझ्या कथा छापायचं मान्य केलं, पण सुवाच्य प्रत पाठवा म्हणाले. माझं अक्षर फार वाईट. आमच्या रविवारच्या मंडळींनी एकेक कथा वाटून घेतली आणि नोकऱ्या सांभाळून सगळे प्रत करायला बसले. मी अगदी भरून पावलो.

प्रती जमा झाल्या त्या रविवारी वहिनी मोठ्याने वाचायला लागल्या, आणि आमचे चेहरे उतरत गेले. प्रत्येकाने माझी कथा जराशी सुधारली होती. माझा सोलापूरकडचा गवंडी शुद्ध पुणेरी बोलत होता. एकाने शेवटी लग्न लावून दिलं होतं. तिथवर वहिनी नुसत्या धुमसत होत्या. मग आली घरमालकांची कथा. माझे घरमालक सरदारजी. त्यांचा मुलगा जीता पोलिसांनी चौकशीला म्हणून नेला तो परत आलाच नाही, आणि म्हातारा रोज जेवण झाकून जिन्यात बसायचा. हे मी जसंच्या तसं, नावासकट लिहिलं होतं. छापायचं तर नाव राहू दे, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. त्या प्रतीत घरमालक शर्माजी झाले होते आणि मुलगा परीक्षेला दिल्लीला गेला होता.

ही प्रत आमच्यातल्याच, बँकेत नोकरीला असलेल्या काकांची. नागपूरचे, पोटात माया असलेले.

"अरे बाप्पा, सरकारी नोकरी आहे तुझी," ते मला म्हणाले. "घरी चार तोंडं खाणारी. तुझ्या भल्यासाठीच केलं ना मी."

"असू द्या," मी म्हणालो. "काकांनी एवढे कष्ट घेतले..."

वहिनी ताडकन उठल्या. "कष्ट घेतले म्हणून उद्या बापाचं नाव बदलतील, तेही असू द्याल? काका, बाहेर पोरं नाहीशी होताहेत आणि तुम्ही घरात बसून शाईने तेच केलंत! आणि भाऊजी तुम्ही, आभार कसले मानताय? राग येत नाही तुम्हाला?"

येत होता. इतका की मलाच भीती वाटली. "काका, ही कथा अशी जाणार नाही!" मी ओरडलो. "नोकरी माझी जाईल. जीता त्या म्हाताऱ्याचा गेलाय. त्याचं नाव खोडायचा तुम्हाला काय अधिकार?"

मग वहिनी माझ्यावरच कडाडल्या, "वडीलधाऱ्या माणसावर असं ओरडतात?"

त्यांनी काकांना चहा दिला, पुढ्यात कोरे कागद ठेवले आणि माझ्या मूळ कागदांवरून स्वतः कथा सांगायला सुरुवात केली. काका निमूट लिहीत राहिले. जीत्याचं नाव आलं तिथे त्यांनी चष्मा काढून पुसला.

"थांबू नका," वहिनी म्हणाल्या, पण आवाज खाली आला होता.

पुस्तक आलं तोवर मेजरसाहेबांची बदली होऊन ते आसामकडे गेले होते. मी पहिली प्रत सरदारजींना दिली. त्यांना मराठी येत नव्हतं. "जीते दा नां कित्थे ए?" त्यांनी विचारलं. मी पान काढून जीत्याच्या नावावर बोट ठेवलं. माझं बोट बाजूला सारून त्यांनी तिथे आपलं ठेवलं, आणि बराच वेळ उचललं नाही.

हे वहिनींना सांगायचं राहून गेलं. बदल्यांमागून बदल्या झाल्या आणि त्यांचा पत्ता हरवला. नंतर माझी आणखी पुस्तकं आली. लोक छान म्हणतात, हार घालतात, मीही हात जोडतो. घरी येऊन एखादं पान वाचताना मलाच कळतं की इथे मी घाबरलो होतो. तेवढ्यापुरतं वाटतं, कुणीतरी समोर बसून संतापायला हवं होतं.