मरळीसाठी लाखांदूरला नेलेली प्रयोगशाळा

जिवंत मरळ नागपूरपर्यंत टिकत नव्हती, म्हणून मी प्रयोगशाळाच माशांकडे न्यायचं ठरवलं. ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. वेगवेगळ्या तळ्यांतल्या मरळींची गुणसूत्रं, म्हणजे पेशीतले वारशाचे धागे, ताडून पाहून त्यांची उत्क्रांती शोधायची होती.

विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, हे मोठ्या संस्थांचं काम. तुम्ही बेडूक शिकवा. जायचंच तर रजा टाका, आणि हात हलवत आलात तर विषय बंद."

रजा टाकली.

उमरेड, भिवापूर, पवनी करत एसटीनं लाखांदूर. मांडीवर माझा स्वतःचा सूक्ष्मदर्शक. प्रत्येक खड्ड्याला मी त्याला लेकरासारखं कवटाळत होते. आता रस्ता बरा आहे. जाणार असाल तर धान लोंबीवर आल्यावर जा.

तळ्यावर मासे धरणाऱ्या ढिवरांच्या म्होरक्यानं अडवलं. "बाईमाणूस डोंग्यात नाई बसत."

त्याची बहीण पार्वताबाई जाळं सांधत होती. "काहून नाई? बाजारात मासोळ्या विकाले मीच जातो ना? बसा वो मॅडम, मी येतो संगं."

पोहता येत नव्हतं. तरी बसले.

मरळी घेऊन परतलो. गावातल्या शाळेच्या ओसरीवर, खांदा भरून येईपर्यंत पेशी वेगळ्या करायचं यंत्र हातानं फिरवलं. भिंगाखाली धाग्यांचे नुसते गोळे! पार्वताबाईनं रस्सा-भात वाढला, पण मी ताट बाजूला सारलं.

"काय झालं वो?"

"उद्या जमलं नाही तर सगळं संपलं."

"मंग उद्या जमवा. तळं कुठं पळून जाऊन राहिलं?"

उन्हानं नमुने बिघडत असावेत, म्हणून दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत काम उरकलं, बाटल्या गारव्याला ओल्या वाळूत ठेवल्या. भिंगाखाली धागे दिसले, सुटे, स्वच्छ. मी ओरडलेच. पार्वताबाईनं डोळा लावला. "हे तं शेवया सांडल्यावानी दिसून राहिलं!"

नागपुरात प्रमुखांनी माझ्या काचपट्ट्या बराच वेळ पाहिल्या आणि ते म्हणाले, "योगायोग असेल." त्याच काचपट्ट्या मी दुसऱ्या दिवशी वर्गात लावल्या आणि त्यांच्यावरून उत्क्रांती शिकवली. डॉक्टरेटही पुढे याच कामावर झाली. जीनोम वाचणारी यंत्रं आली, तीही शिकले. पण त्या डोंग्यातून उतरताना ताठ झालेली मान पुन्हा कधी वाकली नाही.

त्या पहिल्या फेरीच्या पुढच्याच वर्षी एमएस्सीच्या मुलींना घेऊन पुन्हा लाखांदूरला निघाले. प्रमुखांना अर्ज दिला, पण परवानगीसाठी नाही. माहितीसाठी.