पाण्यातून वर आलेला माणूस

"मले काही खरं वाटत नाही," म्हणत भाऊ मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर काढून उलटा करायचे आणि त्याची पाठ निरखायचे. चोर तिथेच दडून बसलाय असा चेहरा!

आर्णीकडच्या एका धरणाच्या दरवाजांची दुरुस्ती चालू होती. मी देखरेखीला, भाऊ पाणबुड्यांचे मुकादम. तुमच्याही ओळखीत असा एखादा संशयी असेलच. चहापासून हवामानापर्यंत सगळंच त्याला खोटं वाटतं. पण भाऊंच्या संशयाची गाठ जिवाशी होती. खोल पाण्यात दाबामुळे हवेतला नायट्रोजन रक्तात मुरतो. माणूस घाईने वर आला, की सोड्याची बाटली उघडावी तसे अंगात बुडबुडे होतात. सांधे धरतात, कधी पायच जातात. कुठे किती थांबत वर यायचं, ते कॉम्प्युटर सांगतो.

"पन कोनाच्या अंगाचा हिशोब करते हा? माह्या रक्तात उतरला काय?"

"खोली न् वेळ पाहून अंदाज बांधते, भाऊ."

"अंदाजच ना मंग!"

म्हणून वर आलेल्या प्रत्येकाला ते बाजेवर बसवून खांदे, कोपर, गुडघे दाबून पाहत.

"दुखते?"

"नाही, भाऊ."

"खोटं बोलून राह्यला तू."

आम्ही हसायचो. पण दुखतं म्हटलं की काम बंद, मजुरी बंद, हे पाणबुड्यांना पक्कं ठाऊक होतं.

एकदा दरवाजा अडकला आणि भाऊ स्वतः उतरले. कॉम्प्युटरने सांगितलं तसे थांबत थांबत वर आले. खांदा चोळत होते.

"दुखते काय, भाऊ?"

"काही नाही. आखडला."

कुणावरही विश्वास न ठेवणारा हा माणूस, आणि त्याच्यावर आम्ही सगळ्यांनी विश्वास ठेवला! संध्याकाळपर्यंत उजवा पाय उचलेना. यावर उपचाराला माणसाला पुन्हा दाबाखाली ठेवणारी बंद कोठडी लागते; ती जवळपास कुठेच नव्हती. पार समुद्रकाठी न्यायला उशीर झाला. जीव वाचला, पाय गेला.

बोरी अरबला त्यांच्या घरी गेलो, तर तब्येतीचं विचारूच देईनात.

"आता वर आलेल्याले कोन पायते?"

"मीच."

"तुमी नोका पाहू, साहेब. तुमी आयकलं ते खरं मानता. त्याइच्या बायका बसवा काठावर. माही तिथं असती, तर तिनं तवाच वळखलं असतं."

मला रागही आला आणि गलबलूनही आलं. पण पुढच्या खेपेला मी एका पाणबुड्याच्या बायकोला खरंच बोलावलं. तो वर आला. कॉम्प्युटरवर सगळं ठीक.

"काही नाही, साहेब," तो हसत म्हणाला.

ती नुसती त्याच्याकडे पाहत राहिली.

त्याने मान खाली घातली. "कोपर दुखून राह्यलं."