नुसता उजेड

लकव्यानंतर बाबांना एकच गोष्ट हवी असायची, हिवाळ्यात अंगणातलं दुपारचं ऊन. आणि नेमकं त्याच वर्षी आमच्या हिंगणघाटच्या घराला लागून, दक्षिणेला, तीन मजली इमारत उठायला लागली. भिंती व्हायच्या होत्या, म्हणून खांबांमधून ऊन यायचं, पण कधीही आणि जेमतेम चहा निवेपर्यंत. स्वयंपाकघरात आईला कळेस्तोवर ते गेलेलं असायचं. बाबा आतल्या खोलीतून कधी हाक मारत नसत.

मी टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणारा माणूस. शेजाऱ्याशी भांडायचं मला जमत नाही, सोल्डरिंग जमतं. उजेड ओळखणारा, तुरीच्या दाण्याएवढा सेन्सर अंगणात लावला आणि घरात बझर. पहिल्याच दिवशी तो पांढऱ्या ढगाला वाजला. आईने बाबांना खुर्चीसकट ओढत बाहेर आणलं, शाल पांघरली.

"हा त नुसता उजेड हाय," बाबा म्हणाले. "ऊन कुठी हाय?"

उन्हात सावली पडते, नुसत्या उजेडात पडत नाही. मग मी दोन सेन्सर शेजारी शेजारी बसवले आणि एकावर पुठ्ठ्याची पट्टी आडवी लावली. ढगाळ दिवशी दोघांवर जवळपास सारखाच उजेड असायचा. ऊन आलं की पट्टीखालचा सावलीत जायचा आणि तेवढ्या फरकावर बझर वाजायचा. मी भलताच खूश होतो. आई तर तव्यावरची पोळी तशीच टाकून धावायची.

पौषात भिंती चढल्या आणि बझर वाजेनासा झाला. मी चिडून सगळं उघडलं, तारा तपासल्या, टाके पुन्हा मारले. मोबाइलचा टॉर्च एका सेन्सरवर धरला, तर लगेच वाजला. सर्किट ठणठणीत होतं. बिघाड सापडला नाही म्हणून मला आयुष्यात पहिल्यांदा रडू आलं.

बाबा खाटेवरून बघत होते. "राहू दे चालू," ते म्हणाले. "येईनच ते कधीतरी."

माघात बाबा गेले.

चैत्रात सूर्य माथ्यावर आला, इमारतीची सावली आखडली आणि दुपारी अंगण तापायला लागलं. दारं लावून, कूलर सुरू करून आम्ही पडलो होतो. तेवढ्यात बझर वाजला. तो चालूच आहे, हे माझ्या डोक्यातून गेलं होतं. आता तो थांबेचना.

आई सवयीने उठली, बाबांच्या खुर्चीपर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली.

"बंद कर ते," ती म्हणाली. "आता कोणाले बोलावून राह्यलं?"